मैंदर्गीपुढचं कॉलेज

त्या कॉलेजला जायचं असं काही ठरलेलं नव्हतं. अक्कलकोटला एका कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन होतं आणि ते लवकर आटोपलं. भाषण करून, शाल-नारळ घेऊन मी गाडीत बसले तेव्हा सगळी दुपार पुढ्यात मोकळी पडली होती. आदल्या आठवड्यात विद्यापीठात कुणीतरी फोनवरून तक्रार केली होती, की मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात बी.ए.चं कॉलेज नावालाच चालतं, शिकवायला कुणी नाही. अशी तक्रार आली की आम्ही समिती नेमतो. समिती आधी कळवून जाते, आणि कळवून गेलं की सगळीकडे सगळं व्यवस्थित असतं. म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, आपणच जाऊन येऊ.

मी सोलापूरचीच. पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी, असं वाढले. भूगोलाची प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना कुलगुरू. बाई कुलगुरू झाली म्हणून सुरुवातीचे कितीतरी महिने सत्कारच चालले होते. प्रत्येक सत्कारात मला उच्च शिक्षणावर बोलायला सांगत आणि मी बोलत असे. माझं म्हणणं साधं होतं. खेडोपाडी कॉलेजं निघाली, पण त्यांना शिक्षक मिळाले नाहीत. ज्या कॉलेजात शिक्षक नाही ते कॉलेज म्हणजे मुलांची फसवणूक, आणि असं कॉलेज चालू ठेवण्यापेक्षा बंद केलेलं बरं. टाळ्या पडत. मला ते मनापासून वाटत होतं. त्यात नेमकं चुकतंय काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मैंदर्गीचा बाजार ओलांडला की दुकानांच्या पाट्या हळूहळू कन्नड होत जातात. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. गावात विचारत विचारत पोहोचलो तर एका हायस्कूलच्या मागे पत्र्याच्या तीन खोल्या. दोन खोल्यांना कुलूप. तिसरीतून एका मुलीचा मोठ्यानं वाचण्याचा आवाज येत होता.

दारात उभी राहिले. फळ्याजवळ एक उंच, सडसडीत मुलगी गाईड हातात धरून वाचत होती आणि समोरच्या दहा-बारा मुली वहीत लिहून घेत होत्या. मला पाहून सगळ्या धडपडत उठल्या. "गुड आफ्टरनून मॅडम," एका सुरात. एकही मुलगा नव्हता.

"सर कुठं आहेत?" मी विचारलं.

 मग वाचणारीच म्हणाली, "आज येत न्हाईत. सोमवारी येत्यात, आन् गुरुवारी."

"मग बाकीचे दिवस?"

"आमी आमीच."

मी कोण ते सांगितलं. 'कुलगुरू' म्हणजे काय ते त्यांच्या नीट लक्षात आलं नाही. पदवीच्या सर्टिफिकेटवर जिची सही असते ती बाई, असं म्हटल्यावर सगळ्या पुन्हा उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना बसवलं आणि काही विचारायला लागले. लोकसभा आणि राज्यसभा यांत फरक काय? वाचणारीनं गाईडमधलं उत्तर एका दमात म्हणून दाखवलं, मुद्दा एक, मुद्दा दोन करत. "आता तुझ्या शब्दांत सांग," म्हटल्यावर तिनं पुन्हा मुद्दा एकपासून सुरुवात केली. बोरी नदी तुमच्या शिवारापासून जवळच, ती पुढं कुठं जाते?  मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "कर्नाटकात."

"आणि मुलगे कुठं आहेत वर्गातले?"

"पुण्याला. कंपनीत हाईत. परीक्षेला येत्यात."

तेवढ्यात कुणीतरी फोन केला असावा, कारण प्रभारी प्राचार्य मोटरसायकलवरून धुळीनं माखून आले. इतिहासात एम.ए. झालेले, मैंदर्गीत झेरॉक्सचं दुकान चालवणारे गृहस्थ. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषा सारख्याच सफाईनं बोलत. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, खोटं बोलत नाही. बाकीचे शिक्षक फक्त हजेरीपटावर आहेत. मी एकटाच आहे. जमेल तेवढं शिकवतो. दुकान बंद ठेवून रोज येणं मला होत नाही." मी रागावण्याच्या तयारीत होते, पण ते इतकं सरळ बोलले की राग काढायला जागाच राहिली नाही. मी फक्त म्हटलं, "हे असं चालणार नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे मॅडम."

गाडीत बसताना ती वाचणारी मुलगी मागून आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"मॅडम, बंद करनार व्हय कॉलेज?"

"अगं, तुमचीच फसवणूक चालली आहे ही. इथं तुम्हाला काही शिकायला मिळत नाही."

"आमाला म्हाईत हाय की ते." ती म्हणाली. "पण बंद नका करू. मी दुसऱ्या वर्षाला हाय. घरात कुणी स्थळ आणलं की मी म्हणते, पेपर हाईत. पेपर झाले की म्हणते, निकाल लागू दे. कॉलेज न्हाई म्हटल्यावर काय म्हणू?"

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा "बघते" असं काहीतरी. कुलगुरू झाल्यापासून हा शब्द माझ्या तोंडात फार बसला होता.

घरी आल्यावर मी हे यजमानांना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, माणूस कमी बोलणारा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू शिक्षणाचा विचार करतेयस. ती दुसऱ्याच कशासाठी कॉलेज मागतेय."

"म्हणजे कॉलेज हे लग्न टाळण्याचं ठिकाण?"

"तसं असलं तर वाईट काय?"

"वाईट असं की उद्या ती पदवीधर होईल आणि तिला चार वाक्यं स्वतःची लिहिता येणार नाहीत. मग ती नोकरीला उभी राहील, आणि लोक म्हणतील, पदवी असून काही येत नाही. ती सही माझी असेल."

त्यांनी पेपर उचलला. वाद तिथंच थांबला, पण माझ्या डोक्यातून जाईना. कॉलेज बंद करायचं नाही आणि तसंच चालूही द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. आमच्या विभागांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारी काही तरुण मंडळी होती. त्यांतल्या दोघींना मी विचारलं, दर शनिवारी जाल का? विद्यापीठाची गाडी मिळेल. दोघीही तयार झाल्या. संस्थेच्या अध्यक्षांना मी पत्र पाठवलं, की येत्या जूनपर्यंत पूर्ण वेळ शिक्षक नेमा, तोवर विद्यापीठ शनिवार सांभाळेल.

आणि काही शनिवार खरंच चांगले गेले. मुली वाढल्या. शेजारच्या वस्तीवरच्या, नाव घालून घरी बसलेल्या दोघीतिघी परत यायला लागल्या. एकदा शिकवायला जाणाऱ्या दोघींपैकी एक आजारी पडली तेव्हा मी स्वतः गेले. किती वर्षांनी वर्गावर जात होते. जाताना त्या भागाचा मोठा नकाशा नेला, ज्यात विहिरी, ओढे, पायवाटासुद्धा दाखवलेल्या असतात. तो जमिनीवर अंथरला आणि मुलींना भोवती बसवलं. नकाशात आपलं गाव असतं हेच त्यांना आधी खरं वाटेना. मग एकीला मारुतीचं देऊळ सापडलं. एकीला शाळा. उंच मुलगी गुडघ्यांवर ओणवी होऊन ओढ्यावरून बोट फिरवत फिरवत गेली आणि एका निळ्या ठिपक्यावर थांबली.

"ही आमची हीर हाय. बघा की, ही वाट, हा वढा, आन् ही हीर."

"कशावरून?"

"रोज पानी आनते की मॅडम."

मग मी म्हटलं, आता ओढा पुढं कुठं जातो ते बघ. तिचं बोट बोरीपर्यंत गेलं, बोरीवरून खाली सरकत भीमेला लागलं, आणि नकाशा तिथं संपला. "फुडं?" तिनं विचारलं. पुढचा नकाशा मी आणला नव्हता. पुढच्या वेळी आणीन म्हणून सांगितलं.

त्या दिवशी परतताना मी खुशीत होते. तेवढं एक वर्ष सांभाळलं तर या मुली उभ्या राहतील, असं वाटत होतं. मला वाटतं, माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी इतकी आशा कशाबद्दल धरली नसेल.

एप्रिलमध्ये संस्थेचे अध्यक्ष मला भेटायला आले. पांढरे कपडे, मृदू बोलणं, दोन्ही हात जोडलेले. शेतीही मोठी आणि राजकारणही बऱ्यापैकी. चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही कॉलेज बंद करतोय. तुमची परवानगी पाहिजे."

"मी तर शिक्षक नेमायला सांगितलं होतं."

"बी.ए.ला येऊन राहणार कोण? जाहिरात देऊन बघितली. आता काळ फार्मसीचा आहे, नर्सिंगचा आहे. जागा तीच, पण मुलांना नोकरी तरी लागेल. आणि खरं सांगू का? तुमचं अक्कलकोटचं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. तुम्ही म्हणाला होतात, शिक्षक नसेल तर कॉलेज बंद केलेलं बरं. आम्हाला पटलं ते."

टोमणा नव्हता त्यांच्या बोलण्यात. त्यांना खरंच पटलं होतं.

"आहेत त्या मुलींचं काय?"

"अक्कलकोटला समायोजन करा. चांगलं कॉलेज आहे, शिक्षक आहेत. त्यांचं भलंच होईल की."

मी त्यांना नाही म्हटलं. आहेत त्या मुली बाहेर पडेपर्यंत कॉलेज चालवावं लागेल, असं सांगितलं. ते हसून उठले आणि म्हणाले, "चालवतो म्हटलं तरी शिकवायला माणूस कुठून आणू, तेवढं तुम्हीच सांगा." ते गेल्यावर मी कुलसचिवांना बोलावलं. नियमांत काय बसतं ते बघा म्हटलं. ते अनुभवी गृहस्थ, दोन दिवसांनी चेहरा पाडून आले.

"मॅडम, आपण त्यांना नोटीस देऊ शकतो. उत्तर समाधानकारक नसलं तर कारवाई."

"कारवाई म्हणजे काय?"

"जास्तीत जास्त, संलग्नता काढून घेणं."

"म्हणजे कॉलेज बंद करणं."

"हो."

 मग मी विद्यापीठानंच ते कॉलेज चालवायला घ्यावं असा प्रस्ताव केला. त्याला शासनाची मंजुरी लागते, पदं लागतात. आमच्या स्वतःच्या विभागांतल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्या भरायला परवानगी मिळत नव्हती, तिथं नवी पदं कोण देणार? तरी मी मुंबईला गेले. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी आदरानं बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, इतक्या थोड्या मुलींसाठी?" मी म्हटलं, थोड्या आहेत म्हणूनच. ते ओशाळं हसले. प्रस्ताव ठेवून घेतला. तो अजून तिथंच असेल.

जूनमध्ये समायोजन झालं. मुलींची नावं अक्कलकोटच्या कॉलेजात गेली. ते कॉलेज खरंच चांगलं, ज्याच्या ग्रंथालयाचं मी उद्घाटन केलं तेच. अडचण फक्त जायची. सकाळी एक एसटी होती आणि परतीची गाडी दिवस मावळताना. मधे काही नाही. मी आगाराच्या अधिकाऱ्यांना फोन केला. कुलगुरूंचा फोन म्हणून त्यांनी दुपारची एक फेरी सुरू केली. ती काही आठवडे चालली. मग ड्रायव्हर कमी पडायला लागले, प्रवासी मिळेनात, आणि फेरी आज आहे, उद्या नाही असं करत करत बंद झाली. मी पुन्हा फोन केला, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद झाली. तिसऱ्यांदा फोन करायची मला लाज वाटली. तरीही केला. नवे अधिकारी आले होते, त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं.

मुली गळायला लागल्या. उंच मुलगी पहिल्याच आठवड्यापासून गेली नव्हती. मैंदर्गीच्या झेरॉक्सवाल्या प्राचार्यांनी कळवलं, तिचे वडील पाठवायला तयार नाहीत. मी म्हटलं, मी येते.

कुलगुरूंनी कुणाच्या घरी जाऊन मुलीला कॉलेजात पाठवा म्हणून सांगायचं, हे माझ्या कार्यालयात कुणाला पसंत नव्हतं. मी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी. वडील गवंडीकाम करणारे. हात सिमेंटनं उललेले. आईनं "कूड्री, कूड्री" म्हणत सतरंजी टाकली आणि आत गेली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुमी येवढं मोठं मानूस आमच्या दारी आलाव," वडील म्हणाले. "तुमच्या शब्दाला न्हाई म्हनवत न्हाई. पन मॅडम, सांजची गाडी चुकली तर पोरीनं ऱ्हायाचं कुटं? अक्कलकोटात आमचं कुनी न्हाई. हितं घरापास्नं हाक मारली तर ऐकू जायचं कॉलेजात. म्हनून घातली होती."

"सोलापूरला आमचं मुलींचं वसतिगृह आहे. मी स्वतः लक्ष ठेवीन. एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

"तुमी ऱ्हाता व्हय तितं, वसतिगृहात?"

"मी तिथंच, आवारातच राहते."

ते विचारात पडले. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग म्हणाले, "तुमची बदली झाली तर?"

बदली नाही, पण माझी मुदत संपत आली होती. पुढच्या वर्षी परीक्षेच्या वेळी मी त्या जागेवर नसणार होते. खोटं बोलले असते तर कदाचित त्यांनी पाठवली असती. मला ते बोलता आलं नाही. मी म्हटलं, "माझ्यानंतर जे येतील त्यांना मी सांगून जाईन."

"तसं व्हय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. फक्त आता पुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईनं चहा आणला. तो पिताना मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला तो चेहरा माझ्यापेक्षा लवकर वाचता आला होता. कप घ्यायला ती पुढं आली तेव्हा मी म्हटलं, "पुस्तकं ठेव जपून." तिनं मान हलवली.

त्या चौकटीतून मी काय घेऊन परत निघाले होते? मला त्या माणसावर चिडताही येत नव्हतं. माझ्या वडिलांनी मला कॉलेजात घातलं ते कॉलेज आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं म्हणून. अंतर जास्त असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं. हद्दीपलीकडच्या गावात दिली होती.

मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी बोलते. हिरीवाली." मी लगेच ओळखलं. आवाज हसरा होता. म्हणाली, सासर बरं आहे. मिस्टर बारावी झालेले, ट्रॅक्टर चालवतात. आणि मग मुद्द्यावर आली, "हितं तालुक्याला कॉलेज हाय, लई जवळ. घरचे न्हाई म्हनत न्हाईत. तिसरं वरीस हितं करता येतंय का?"

मी उभी राहून बोलायला लागले होते, इतका आनंद झाला. मी म्हटलं, का नाही येणार? नवीन धोरणात तर एका विद्यापीठात मिळवलेलं क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. यावर मी कितीतरी सभांमध्ये बोलले होते. मुलं देशात कुठंही शिकतील, मधेच थांबतील, पुन्हा सुरू करतील. तिचं गाव तर आमच्या हद्दीपासून अगदी थोड्या अंतरावर. तिनं मधे थांबून पुन्हा सुरू करायचं म्हटलं होतं. हीच ती मुलगी, असं मला वाटलं.

पलीकडच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना मी स्वतः फोन केला. भला माणूस. त्यांनी दोन दिवसांत माहिती काढून मला उलट फोन केला. अवघडून बोलत होते. त्यांच्याकडे विषयांची रचना वेगळी. कन्नड सक्तीचं, आणि ते पहिल्या वर्षापासून. माध्यम कन्नड किंवा इंग्रजी. मराठीत पेपर लिहिला तर तपासणार कोण? "पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतला तर आम्ही आनंदानं घेऊ," ते म्हणाले. त्यांचीही चूक नव्हती. त्यांच्याकडची एखादी मुलगी कन्नडमधून दोन वर्षं करून आमच्याकडे आली असती, तर मीही हेच सांगितलं असतं.

मी तिला कळवलं. 

"पैल्यापास्नं?"

"हो."

"मॅडम, कन्नड मला नुसतं बोलता येतंय. लिवता-वाचता येत न्हाई. आमच्या घरात बोलत्यात, पन शाळा मराठी की."

माझं तेलुगूचंही तसंच आहे. आईशी जन्मभर बोलले, पण तिचं पत्र आलं असतं तर मला वाचता आलं नसतं. हे तिला सांगून काय उपयोग होता? मी म्हटलं, "थांब जरा. मी आमच्याकडेच काहीतरी करते."

जे करायचं ते असं होतं : लग्न होऊन हद्दीपलीकडे गेलेल्या आमच्या विद्यार्थिनींना शेवटचं वर्ष बाहेरून पूर्ण करता यावं, आणि त्यांचं परीक्षाकेंद्र सोलापूरऐवजी हद्दीलगत, मैंदर्गीला असावं. कागदावर चार ओळींचा नियम. त्याला आधी अभ्यास मंडळ, मग समिती, मग विद्या परिषद. समितीत एक सदस्य म्हणाले, "दर्जाचं काय?" दुसरे म्हणाले, "उद्या सगळेच बाहेरून करायला मागतील." तिसऱ्यांनी आणखी एक उपसमिती सुचवली. मी अध्यक्षस्थानी बसून ऐकत होते. दर्जाविषयीचं सगळं बोलणं माझंच होतं, मीच त्यांना इतकी वर्षं ते ऐकवलेलं. मी भांडले, मग विनवलं. बैठका पुढं जात राहिल्या. या काळात ती मधूनमधून फोन करायची. "झालं का मॅडम?" आधी लवकर लवकर, मग लांबून लांबून. शेवटी शेवटी ती ते विचारायचीही नाही, नुसती तब्येत विचारायची. एकदा मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि "ठेवते हां मॅडम" म्हणून तिनं फोन ठेवला. तो शेवटचा.

माझी मुदत संपायच्या थोडं आधी विद्या परिषदेनं नियम मंजूर केला. पुढच्या वर्षी अक्कलकोटच्या बाजूच्या दोघी त्या नियमानं पदवीधर झाल्या, असं प्राचार्यांकडून कळलं. मी त्या दोघींना कधी पाहिलेलं नाही. मंजुरी मिळाली त्या दुपारी मी सभागृहातून बाहेर आले आणि व्हरांड्यातच तिचा नंबर लावला. फोन एका म्हातारीनं उचलला. सासू असावी. मी मुलीचं नाव घेतलं. ती कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मी मराठीत सांगितलं, सोलापूरहून बोलतेय, कॉलेजच्या मॅडम, तिला सांगा की तिचं काम झालं. पुन्हा तेच उत्तर. एवढंच कळलं, "मन्याग इल्ल्री." घरात नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, त्यानंतरही लावला. दर वेळी तीच बाई. प्राचार्यांना तिच्या माहेरी पाठवलं. वडील म्हणाले, तिला दिवस गेलेत, थोडे दिवस माहेरी आली होती, आता परत गेली, निरोप देतो. निरोप पोहोचला की नाही, ठाऊक नाही. बंगला सोडायच्या आधी मी शेवटचा फोन केला. म्हातारीनं आता मला ओळखलं होतं. मला कन्नड येत नाही हेही तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला समजावावं तसं काहीतरी सांगत राहिली. बराच वेळ सांगितलं तिनं. आवाजात माया होती, मधे एकदा ती हसलीही. काहीतरी महत्त्वाचं असावं. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते, ओळखीचा एखादा शब्द सापडतोय का बघत होते. तिचं बोलून संपलं, आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत थांबली. मी म्हटलं, "बरं."